साहेबाने खणलेलं टेकाड

मला राग सहसा येत नाही, पण परवा धाकट्या दिराने आणला. आमच्या तापीकाठच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडात इंग्रजांच्या काळात एका साहेबाला जुनं गाव सापडलं होतं. तिथेच दीर केळीला टाकायला जेसीबीने माती भरत होता. ट्रॉलीत नक्षीची खापरं दिसली, तशी मी ओरडले, "भाऊ, थांबवा!"

तो हसला. "वहिनी, सायबनी खंदं ते शोध, आमीन खंदं ते चोरी का?"

"साहेबाने खापर न् खापर झाडून जपलं. तुम्ही केळीच्या बुडाशी घालताय!"

"फुटेल मडकाच शेतस! तुम्हना माहेरना शेतस का?"

मी सरळ जेसीबीच्या तोंडासमोर उभी राहिले. "नाही, तुमच्याच वाडवडिलांची फुटकी मडकी आहेत. भरायची तर माझ्यासकट भरा."

ड्रायव्हरने मशीन बंद केलं. तेव्हापासून दीर माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही. माती तर थांबली!