चौथ्या ठोक्याची जागा

मंडळी, मास्तरांच्या अंगणात आज पाय ठेवायला जागा नाही, आणि माझ्या तोंडात शब्द नाही. म्हणून आधी जे नक्की माहीत आहे ते सांगतो. घणसोलीच्या आपल्या नाटक मंडळासाठी मी या हातांनी केलं ते असं: दोन ढोलक्या, फणसाच्या लाकडाच्या. एक पेटी, तिचा भाता तीनदा बदलला. मास्तरांच्या फिडलचा मोडलेला दांडा जोडला. आणि काशाची झांज, सहा वेळा घासून सुरात आणलेली. कुणी शिकवलं नाही.

धर्मा मास्तर गेल्यापासून सगळे मला एकच विचारतात. तो नाच मास्तरांना सुचला कुठून? हळदीला तो लागला की म्हातारी माणसंही उठतात. कुणी म्हणतं, मुंबईच्या बँडचा ऐकला. कुणी म्हणतं, साहेबाच्या तबकडीवरून उचलला. चूक. साफ चूक. तो मास्तरांनी आपल्या मंडळासाठी रचलेल्या संगीतिकेतला आहे, तिसऱ्या अंकातला. होड्या परत येतात आणि धक्क्यावरच्या बाया नाचतात, तिथला. आपल्या हळदीच्या बँडने तो नंतर तिथून घेतला. पण संगीतिकेच्याही आधी तो होता. कुठे होता, ते मला माहीत आहे. मी तिथे होतो.

धुक्याच्या सकाळी आपण धक्क्यावर रॉकेलचा डबा वाजवतो, खाडीतल्या होडीला किनारा कळावा म्हणून. तीन ठोके द्यायचे, चौथा सोडायचा. चौथ्याला ऐकायचं. होडीवरून हाक येते का ते.

मास्तरांचा धाकटा भाऊ पांडू ज्या सकाळी परत आला नाही, त्या सकाळी डबा माझ्या हातात होता. मंडळी, मी चौथा सोडला नाही. घाबरलो होतो. वाटलं, जितकं जास्त वाजवीन तितकं बरं. धुकं पिवळं पडेपर्यंत वाजवत राहिलो. मग मास्तर धावत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. आम्ही ऐकलं. पाणी तेवढं ऐकू आलं.

पांडूने हाक दिली होती का? मी वाजवत असताना दिली होती का? होडी सापडली, पांडू नाही. मास्तरांनी मला कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे सहा वर्षांनी संगीतिकेची तालीम लागली. झांज नवी होती. मास्तर म्हणाले, दामू, तुझ्या झांजेच्या आवाजाने खाडीतली मासळी उरणला पळेल. सगळे हसले, मीही हसलो. नाच सुरू झाला. मी मोजत होतो. एक, दोन, तीन, आणि चौथा रिकामा. वाटलं, बसवताना राहून गेला. मोजण्यात माझी चूक होत नाही. मी तिथे झांज घातली.

मास्तरांनी फिडल खाली ठेवलं. आले आणि माझं मनगट धरलं. तसंच.

"दामू, तिथं कायी वाजवू नको. तिथं आयकायचं हाय."

एवढंच. परत फिडल घेतलं.

हळदीत त्या जागी पोरं शीळ घालतात. मास्तर हसायचे, पण मान एका बाजूला कललेली असायची. तुम्ही पाहिली असेल. मला ती रोज दिसते. आणि आता आपल्या बँडमधलेच दोघे-तिघे म्हणतात, ती जागा भरू या, नाच अजून रंगेल. बाबांनो, मी जिवंत आहे तोवर नाही. आणि माझ्यामागे तुम्हीही नका भरू. मी एकदा भरली होती.

आता उभे राहू या. बँड तो नाच एकदाच वाजवील. चौथ्याला टाळी नको, शीळ नको, हुंदकासुद्धा आवरा. ऐका.

बँड सूर लावतोय तोवर एवढंच सांगतो: हा नाच तबकडीवर घ्यायला आलेल्या मुंबईच्या लोकांना ही जागा झांजेने भरून हवी होती. म्हणाले, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल सुई उडाली. मास्तर नको म्हणाले. सातशे रुपये देत होते.