सुई खरखरत होती

संगमनेरच्या स्टँडवर घोडेगावच्या गाडीची रांग लागली होती. पुढच्या माणसाच्या खांद्याला ढोलकी, शेजारी जरीकाठाची बाई; तमाशातली माणसं. मागे उभ्या इंदूबाई मास्तरीण ऐकत नसल्यासारखं दाखवून सगळं ऐकत होत्या.

"बन्सीभाऊ, खरं सांगा. स्पीकरवाल्यानं लग्नात आपली नवी रेकॉर्ड लावली?"

"लावली, राहीबाई."

"आन मंडळी?"

"पयल्या रेकॉर्डला पोरं मांडवात नाचत्यात. हिला कुनी हाललं न्हाई."

"तरी मी म्हनत हुते! लावनीनं नाव झालं, दुसरीबी तशीच देऊ. तुमीच म्हनला, दुष्काळ गा, खडी फोडनाऱ्या बाया गा."

"गाताना तुमीबी रडला की."

"शिव्या दिल्या का कुनी?"

"न्हाई."

"बंद कर म्हनले?"

"न्हाई. गानं संपलं, सुई नुसती खरखरत हुती. तरी दुसरं लाव म्हनायला कुनी तोंड उघडलं न्हाई."

"म्हंजी आवडलं का न्हाई?"

"मला तरी कुठं कळतंय?"

"मग आज घोडेगावात उभं ऱ्हाऊन गायचं काय?"

गाडी लागली. मागून लोक रेटू लागले. पुढचे दोघे जागचे हलेनात, आणि त्यांना 'चला' म्हणायला इंदूबाईंचंही तोंड उघडेना.