ओ आल्याबिगर हात हलवायचा नाई

आमचा तांडा पुसदच्या आत, डांबरी रस्ता सुटल्यावर. वावरात कापूस, कडेनं तूर, आन् मधात विहीर. मोटर बिघडली की बापू, म्हणजे माझे वडील, शिडीनं खाली उतरायचे आन् याडी, म्हणजे माझी आई, वर स्टार्टरच्या पेटीपाशी उभी राह्यची. खालून बापू हाक मारत, बंद हाये का? याडीनं खटका डोळ्यानं पाहायचा आन् मंग ओ द्यायचा, बंद हाये. ओ आला नाई तर बापू मोटरीले बोट लावत नसत, तिथंच शिडीवर उभे, पुन्हा हाक. एकदा याडी शेजारणीशी बोलण्यात रंगली, तर विहिरीतून अशा शिव्या वर आल्या की आख्ख्या तांड्यानं आयकल्या. मले हसू आलं. बापू वर येऊन म्हणाले, हसू नको पोरी, करंट नातं पाहत नाई.

हे कायले सांगून राह्यली, तर लोक मले विचारतात, बाई, तुम्ही विमान चालवत होत्या, वर इंजिन बिघडलं तर काय करता हो, देवाचं नाव घेता का? काय सांगू तुम्हाले, तिथंबी बापूचीच रीत हाये. दोघं जण असतो. एकानं फक्त विमान उडवत राह्यचं, दुसऱ्या कशात हात घालायचा नाई. दुसऱ्यानं धोक्याची घंटा बंद करायची आन् काय-काय करायचं त्याची यादी वाचायची, समोरच्या स्क्रीनवर येते ती, मंग पुस्तकातली. दोन-चार गोष्टी पाठ लागतात, बाकी पाठ असल्या तरी वाचायच्याच, कारण माणूस घाबरला की पाठांतर पयले पळते. आन् इंजिन बंद करायचं असलं तर खटक्यावर हात ठेवायचा, ओढायचा नाई. शेजारच्याले विचारायचं, हाच ना? त्यानं पाहून हो म्हणलं की मंगच. दोन इंजिनांचे दोन खटके, एकमेकांले लागून.

मी डाव्या खुर्चीत बसायची. हेडफोनचा डावा कान रेडिओसाठी, उजवा थोडा मागं सरकवलेला, शेजाऱ्याचं बोलणं उघड्या कानानं आयकायची सवय. त्या उजव्या कानात काही महिन्यांपासून कापूस घातल्यासारखं वाटे. मळ असंल म्हणलं. फोन डाव्या कानाले लावायले लागली, आपल्याच ध्यानात आलं नाई.

त्या दिवशी विमान सुधीर उडवत होता, माझा को-पायलट, वयानं माझ्याहून थोडाच लहान. वर चढून राह्यलो होतो आन् उजवं इंजिन हादरायले लागलं, आख्खी खुर्ची थरथरली. मी घंटा बंद केली, यादी वाचत गेली, इंजिन बंद करा इथपर्यंत आली, खटक्यावर बोटं ठेवली आन् विचारलं, हाच ना? काहीच आयकू आलं नाई. त्या प्रश्नाचं उत्तर जन्मभर मी हो असंच आयकलं होतं, त्यामुळं बोटं म्हणत होती, त्यानं हो म्हणलंच असंल, ओढ. पण ओ आला नव्हता. मी पुन्हा विचारलं आन् मान वळवून पाह्यलं, तर सुधीरचे ओठ हलून राह्यले, नाई, नाई, मॅडम नाई! डोळे माझ्या बोटांवर. बोटं डाव्या खटक्यावर होती, चांगल्या इंजिनाच्या.

बोटं सरकवली, पुन्हा विचारलं, आता त्याच्या तोंडाकडे पाहत. त्यानं हो म्हणून मान हालवली. उजवं बंद केलं, उरलेली यादी वाचली, परत फिरलो, उतरलो. एक गृहस्थ उतरता उतरता मलेच म्हणाले, मॅडम, लग्नाचा मुहूर्त गेला ना आमचा.

सगळे म्हणाले, यादीनं वाचवलं. खरंच हाये. हात चुकणारच, त्यासाठीच तर विचारायची रीत. पण सुधीर हळूच म्हणाला, मॅडम, मी तीनदा नाई म्हणलं. मंग स्वतःच म्हणाला, जाऊ द्या, आवाज लय होता. तो रिपोर्टात लिहिणार नव्हता. माझी डाक्टरी तपासणी दूर होती, तोवर उडता आलं असतं. तांड्यातून विमानापर्यंत पोचायले अर्धं आयुष्य गेलं होतं हो. मी लिहिलं, मले आयकू आलं नाई. डाक्टर म्हणे, उजव्या कानाची नसच गेली, डाव्याचा भरोसा देता येत नाई. लायसन गेलं. सुधीरचा फोन आला, कायले लिहिलं मॅडम? मी म्हणलं, पुढच्या खेपेले तू नाई म्हणशील, ते आयकणारं कोणी पायजे.

आता इथंच असते. बापू गेले. वावर भाऊ पाहते, विलास. घरात मी जागोजागी याद्या लावल्या, गॅसची, फवारणीची, साप निघाल्यावरची. विलास म्हणते, बाई, चहाची बी यादी हाये का, साखर राह्यली आज.

यंदा मोटर अडकली. विलास शिडीवर उतरला, मी स्टार्टरपाशी जाऊन उभी राह्यली. अर्ध्यातून त्यानं वर पाह्यलं, थांबला, पुन्हा वर आला. म्हणे, बाई, तू नको. याडीले बोलव. टोचून नाई बोलला. मी त्याच्या जागी असती तर मीबी हेच केलं असतं. याडीचे गुडघे गेले, तिले खुर्चीसकट उचलून आणली. खालून हाक आली म्हणे, मले नाई आली. याडीनं खटका पाह्यला आन् ओ दिला. मी बाजूले उभी.

आताशा याडी माझ्या डाव्या अंगालेच बसते, कोणी सांगितलं नाई तिले. ती हाये तोवर हाये.

तुम्ही निघा, उजेडात रस्ता बरा. सुखानं जा. वळणावरून हाक माराल तर डाव्या बाजूनं मारा.