धामणीवरचा आळ

शिवहार : सोड माझी काठी, रूपसिंग! तीन दिस झाले, सकाळी म्हशीचे दोन सड कोरडे. धामण येती, म्हशीच्या पायाला येढा घालती आन् दूध पिती.

रूपसिंग : तू पाह्यलंस?

शिवहार : पाहायचं काय त्यात? आमच्याच कडब्याच्या गंजीत राहून राहिली ती. धामण दूध पिती, माझ्या आज्यानं सांगितलंय.

रूपसिंग : आज्या तर तुला शहाणाबी म्हनायचा.

शिवहार : मालन, हसू नको. तू नवऱ्याच्या बाजूनं हायेस का शेजाऱ्याच्या?

मालनबाई : मी म्हशीच्या बाजूनं हाये.

रूपसिंग : ऐक. ती धामण आल्यापासून माझ्या हरभऱ्याच्या बियाला उंदीर लागला न्हाई. गेल्या साली दोन पोती कुरतडली. तिला मारलीस तर माझं बी कोन राखंल, तुझा आज्या? पैज लाव. तीन दिस तिला हात लावायचा न्हाई. दूध तिनंच पिलेलं निघालं, तर मी बैलाचं मुसकं तोंडाला बांधून बाळापूरच्या बाजारातून जाईन. पार त्या नव्या एसटीडी बूथपस्तोर. एक शब्द बोलनार न्हाई.

शिवहार : तू आन् बोलनार न्हाई? ह्येच पाहायला लागली पैज! हरलो तर मुसकं मला.

मालनबाई : पन कळायचं कसं? रातभर जागतं कोन?

रूपसिंग : जागायचं कामच न्हाई. वैनी, भिंतीला लावायची काव हाये ना घरात? भिजवा आन् निजताना सडांला फासा. जो पील त्याचं थोबाड लाल.

शिवहार : आन् तुझंच लाल निघालं तर?

रूपसिंग : तर रोज मलाबी चारा टाक.

*

मालनबाई : अवं, उठा. चोर घावला.

शिवहार : धामण हाये का? नीट पाह्यलंस?

मालनबाई : धामण न्हाई, आपली वगार, म्हशीचीच लेक. तोंड बघा तिचं. नाकापस्तोर लाल, नवरीवानी.

शिवहार : वगार? ती तर दाव्याला बांधलेली हाये!

रूपसिंग : दावं किती लांब हाये ते बघ की. वाढवलं कोनी?

शिवहार : म्याच. पाच-सा दिस झाले. गव्हानीपस्तोर पोचत नव्हती, वरडत व्हती.

रूपसिंग : आता गव्हानीपस्तोर पोचती, आईपस्तोरबी पोचती. वैनी, मुसकं धुऊन ठेवा.

मालनबाई : धुवायचं काहून? बैल तर कवा बोलला न्हाई.

(बाळापूरचा बाजार. शिवहारच्या तोंडाला दोरीचं मुसकं.)

रूपसिंग : सरका, सरका! बैल नवा हाये, पन मारत न्हाई! ओ काका, दात पाहू नका, इकायचा न्हाई!

मालनबाई : कमलबाई, त्यांना काही इचारू नका. आज बोलनार न्हाईत. मला तर माहेरी आल्यावानी वाटून राहिलं.

रूपसिंग : आला बूथ. काढ मुसकं. बोल आता, लई शिव्या साठल्या असतील.

शिवहार : मालन, त्या गंजीतला कडबा काढू नको. म्हशीला बांदाचं गवत आनीन मी.

मालनबाई : काहून?

शिवहार : खाली अंडी हायेत. आठ-धा तरी.

रूपसिंग : तुला काय ठाव?

शिवहार : पैज लागली त्याच सांजंला काठी घेऊन गेल्तो.

रूपसिंग : बेइमान! हात लावायचा नव्हता ना?

शिवहार : कडबा उचलला. धामण मान्साला पाहून पळती, व्हय ना? ही अंड्यांवरून हलली न्हाई. मंग मीच सरलो मागं.