मशीन काय लिब खातं?

हसा! पोटभर हसा! पुढे ही एवढी खिडकी उघडी दिसल्यावर माणूस हसणारच... पण बोट नका दाखवू हं, कुठला दात गेलाय ते मला माहीत आहे, पन्नास वर्षं माझ्याच तोंडात राहत होता तो! आणि तुम्हाला सांगते, म्हातारपणाने नाही पडला, नवऱ्याने नाही पाडला, त्याची काय छाती आहे! हा दात गेला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, भर कामाच्या वेळेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत!

आता एकतीस वर्षं मी तिथे करते काय? डॉक्टर लोक तुमच्या दातात सिमेंट भरतात ना, ते आधी माझ्याकडे येतं. मी त्याच्या चकत्या पाडते, काळ्या चहात बुडवते, बर्फाच्या पाण्यातून काढून कढत पाण्यात टाकते, मशीनखाली चेपते. फुटलं की आकडा लिहायचा आणि खाली सही, इन्शिराह. माझी सही नाही तर सिमेंट दवाखान्यात जात नाही, मग प्रोफेसर असो नाहीतर प्रोफेसरचा बाप.

तर आमचे डॉक्टर मुफीद. माणूस सोन्यासारखा, पण चार वर्षं खपून स्वतः एक नवं सिमेंट केलं आणि त्याच्या प्रेमातच पडला हो! चावायच्या मशीनमध्ये त्या सिमेंटवर पोलादी गोळी घासली, एक लाख वीस हजार वेळा, आणि ओरखडा नाही! हे माझ्या टेबलाभोवती नाचतायत, "मादाम इन्शिराह, करा सही! शनिवारी फुकटच्या दवाखान्यात सुरुवात!"

मी म्हटलं, "डॉक्टर, मशीन काय लिब खातं?"

नाही, तुम्हीच सांगा! या अलेक्झांड्रियात लिब कोण खात नाही? कलिंगडाच्या, भोपळ्याच्या खारवलेल्या बिया, मॅच लागली की पाव किलो, मॅच हरलो की अर्धा किलो! पुढच्या दातांनी कट्ट, साल थू, कट्ट, साल थू... वरच्या दाताला खाच पडते खाच! शनिवारी त्या खुर्चीत कोण बसणार? कोळी, धोबिणी, आणि यादीत तिसरी माझी धाकटी बहीण नगवा, जिच्या शेजारी बसायचं तर मांडीवर पेपर पसरून बसावं लागतं!

डॉक्टर नाकावर चष्मा सरकवून म्हणतात कसे, "मादाम, आंतरराष्ट्रीय नियमावलीत लिब नाही."

"मग ती लिहिणाऱ्यांनी कधी मॅच बघितली नसेल!"

"म्हणजे तुम्ही सही अडवणार? एका बीसाठी?"

"अडवणार! आधी माझ्या दातात भरा. हे बघा, चाळीस वर्षांच्या लिबची खाच, तयारच आहे. माझ्यात टिकलं तर नगवात टिकेल."

तोंड उघडून बसलेच मी! शाहिंदा, आमची एमएस करणारी पोरगी, हातातली नोंदवही घट्ट धरून पुटपुटतेय, "मादाम, नको ना..." पण भरलं डॉक्टरांनी. काय सुंदर भरलं! आरशात बघितलं तर मी वीस वर्षांनी लहान, क्षणभर वाटलं करून टाकावी सही... मग पिशवी काढली. पहिली बी, कट्ट. दुसरी, कट्ट. डॉक्टर मोजतायत, शाहिंदा लिहितेय. त्रेसष्टावी बी...

कडाड्!

डॉक्टर धावले, माझा ओठ वर केला, बॅटरी मारली आणि आनंदाने ओरडले, "शाबूत आहे! सिमेंट शाबूत आहे!"

अहो, सिमेंट शाबूत आहे, पण खालचा दात उभा चिरलाय त्याचं काय? मुळापर्यंत! मी रक्त पुसत म्हटलं, "तुमचं सिमेंट पास, डॉक्टर, पण माणूस नापास झाला! तुम्ही समोर पोलादाची गोळी लावलीत. नगवाच्या तोंडात पोलाद आहे का? समोर खरा दात लावा!"

डॉक्टर चष्मा काढून पुसायला लागले. तुम्हाला सांगते, मोठा माणूस चष्मा पुसायला लागला की समजावं, पटलंय. "लावू," म्हणाले, "पण खरे दात आणायचे कुठून?"

कुठून म्हणजे? शनिवारपर्यंत आम्ही दारोदार फिरलो, प्रत्येक दवाखान्यात हात पसरला, उपटलेला दात द्या हो बाबा! आठ मिळाले. नववा माझा, कालच उपटलेला, रुमालात गुंडाळून मी मानाने शाहिंदापुढे ठेवला. "हा पहिला लाव!"

पोरगी नुसती भिंतीकडे बघायला लागली. तिथे पाटी: "तडा गेलेला दात प्रयोगाला घेतला जाणार नाही. मग तो कोणाचाही असो." खाली सही, इन्शिराह.

घ्या!

मी म्हटलं, ठेव बाजूला. नियम तो नियम. रुमाल परत पर्समध्ये.

मशीन चालू झालं, आणि ऐका, आठच्या आठ दात कानशीने घासावे तसे झिजले! आठच्या आठ! डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं, "दवाखान्यात देऊ नये." चार वर्षं काय थोडी असतात हो? वाईट वाटलं मला. पण सही मी त्याखालीच केली, चांगली ठसठशीत! नगवाला जुनंच सिमेंट भरलं. रविवारी मॅच होती, ती आली माझ्याकडे, एक किलो घेऊन. कट्ट, थू, कट्ट, थू...

"घे ना गं ताई!" म्हणते.

आता वर डॉक्टरांचं सिमेंट, अजून हललेलं नाही, काढू म्हटलं तरी निघत नाही. खाली ही खिडकी. बी धरायची कशात?

एकतीस वर्षं सगळ्यांना दरडावत आले, मशीन काय लिब खातं? नाही खात.

आता मीही नाही.