सीताबाईच्या नंबरवरचा कोड

परत फोन केला तर ठाण्यात देते तुला, ओटीपी मागतो व्हय रे चोरा, म्हणून बाई फोनवर अशी वरडली की जनावरांच्या दवाखान्यात बांधलेल्या म्हशीनं दावं तोडलं. काय सांगू तुमाला, मी चोर न्हाई, चोरी झाली ती माझीच. आन् नंबर माझ्या बायकोचा, सीताबाईचा. तिला जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. तिचा आवाज येणार न्हाई, हे काय मला कळत न्हाई? पण घंटी वाजून राहिली तवर मी फेटा सारखा केलाच.

आमी तांड्यावरचे, औंढ्याकडचे. माझ्या आज्याकडं बैल एवढे, की पुढचा बैल हैदराबादला पाणी प्यायचा तवा मागचा इथंच शेपटीनं माशा हाकून राहायचा. खोटं वाटत आसंल तर त्या बैलांना इचारा, एक बी जिता न्हाई. मी आपला जवळा बाजारच्या आठवडी बाजारात बैलांचे सौदे जमवणारा. आमचा सौदा रुमालाखाली. दोघांनी हात रुमालाखाली घ्यायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडातून ब्र न्हाई. भवती जत्रा उभी आसली तरी कोणाला पत्ता लागत न्हाई.

आन् घरी आमचा बैल राजा. सीताबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. त्याचा डोळा एवढा, की त्यात बघून मी फेटा बांधायचो. सरकारी माणसानं कानात पिवळा बिल्ला मारला तवा मालक म्हणून तिचंच नाव लिवलं, नंबर बी तिचाच, कारण घरात फोन तिच्याकडंच. ती गेली, फोन पेटीत पडला, त्यात पैसे कोण भरतंय? कंपनीनं नंबर दुसऱ्याला देऊन टाकला. आन् यंदा पोळ्याच्या तोंडावर राजा गोठ्यातून गेला. कोणी नेला, कुठं नेला, काय मालूम न्हाई. रिकामं दावं अजून खुंट्यालाच हाये.

जनावराचा डॉक्टर म्हणला, काका, बिल्ल्याच्या नंबरावरून जनावर आता कोणाच्या नावावर हाये ते कम्प्युटरात दिसतं, पण मालकाचं खातं उघडावं लागंल, आन् कोड मालकाच्या फोनवर जाईल. म्हणून त्याच्या फोनवरून मी तो नंबर लावला, आन् बाई ती अशी वरडली. मग डॉक्टरनंच तिला समजावलं. ती म्हणली, असं आसंल तर वसमतला या, तोंड दाखवा.

गेलो येष्टीनं. हळदीच्या मोंढ्यात, त्या घाऊक बाजारात, हळकुंडं निवडायला बसलेली, शाहीनबी नाव, कोपरापर्यंत पिवळी. म्हणली, बाबा, तकलीफ दिली, माफ करा, पण कोड तोंडानं कोणालाच सांगायचा न्हाई, बँकवाल्यानं बजावलंय. मी म्हणलं, तोंडानं कोण मागून राहिलंय? आन् खांद्यावरचा रुमाल काढला. तवा ती हसली. तिचे अब्बा बी बैलाचेच व्यापारी, लहानपणी तिनं सगळं पाहिलेलं. हात पुढं केला.

शेजारच्या आडत्याच्या फोनवर डॉक्टर, तिकडं कम्प्युटर उघडून बसलेला. कोड शाहीनबीच्या फोनवर आला. बाई एकेक आकडा माझ्या बोटांवर दाबत गेली, शून्याला मूठ. एवढं गुपित सरकारच्या तिजोरीत बी नसंल. आन् मी काय केलं? फोनवर आवाज तुटून राहिला होता म्हणून तेच आकडे डॉक्टरला बोंबलून सांगितले. सगळ्या मोंढ्यानं ऐकले. हमाल हसून हसून पोत्यावर पडले, मी बी हसलो.

डॉक्टर तिकडं आकडे टाकून राहिला. मी म्हणलं, उघडलं का? म्हणला, उघडलं. मालक सीताबाई, हयात. बैल, मृत. मी म्हणलं, कोणी लिवलं? म्हणला, ते इथं दिसत न्हाई. रुमाल तसाच होता, शाहीनबीनं हात काढला न्हाई. मी म्हणलं, साहेब, उलटं झालंय हो. ती गेली. बैल कुठंतरी उभा आसंल. तेवढं दुरुस्त करा.

डॉक्टर म्हणला, दुरुस्तीला दुसरा कोड लागंल काका, मालकाच्याच नंबरवर येईल.