दवंडी पिटलेला धीर

डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. गाठ बायकोच्या मानेत होती आणि भाषण नवऱ्याचं चाललं होतं.

"हे बघ, रिपोर्ट काहीही येवो, मी ठरवून टाकलंय. देवावर भरवसा ठेवायचा आणि डगमगायचं नाही."

"ठाऊक आहे. इस्त्रीवाल्यानेही मला तेच सांगितलं."

"त्याला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की! वॉचमनला सांगितलंत, माझ्या भावाला सांगितलंत. तुमचा धीर आता अख्ख्या गल्लीला पाठ झालाय."

"अगं, माणसाने मनाची तयारी आधीच करून ठेवावी."

"ठेवा ना. सकाळी गरम पाणी आलं नाही, तर घर डोक्यावर घेतलंत. तेव्हा कुठे गेली होती तयारी?"

"ते वेगळं. मोठ्या संकटात मी खंबीर असतो."

"संकट माझ्या मानेत, आणि खंबीर हे!"

"मग तू काय ठरवलंयस?"

"देव देईल ते घ्यायचं, आणि घरी जाऊन मशीनमधले कपडे वाळत घालायचे. फक्त मी त्याची दवंडी पिटत फिरले नाही."

दार उघडून नर्स म्हणाली, "या. सोबत एकजण आला तरी चालेल."

"चल, मी आहे ना."

"तुम्ही बसा इथेच. आत मी डॉक्टरांचं ऐकू की तुम्हाला सावरू?"

पर्स त्याच्या मांडीवर ठेवून ती आत गेली. त्याने ती पर्स दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली.

"घाबरलीय हो बिचारी," तो मला म्हणाला.